शिंग न फुंकणारा राजा

गणपतीच्या नाटकांत मला कायम खलनायकच मिळाला. लोक म्हणायचे, चेहराच तसा आहे. मी म्हणायचो, आवाज तसा आहे. पुढे नाटकं बंद पडली आणि मी शहाद्यात ऑनलाइन सेंटर टाकलं. सातबारा, पीकविमा, पोरांचे अर्ज, झेरॉक्स. आवाज वापरायची सोयच उरली नाही. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य कितीही रंगवून म्हटलं तरी टाळ्या पडत नाहीत.

म्हणून मी मागच्या खोलीत किल्ल्यांचा गेम लावला. तीन कॉम्प्युटर वायरने जोडले, कूलर बसवला आणि दुपारची माझी मंडळी जमू लागली. गेम मध्ययुगातला, परदेशी राजांचा. शेत पिकवायचं, दगड फोडायचे, तटबंदी बांधायची आणि शेजाऱ्याच्या अंगावर फौज सोडायची. सूचना सगळ्या इंग्रजीत. त्या वाचून मराठीत सांगायचं काम माझं. मी खेळायचो नाही. मी दोन खुर्च्यांच्या मधे उभा राहून युद्ध सांगायचो, आणि माझ्या सांगण्यामुळे किती युद्धं पेटली याची मोजदाद ठेवायची नसते.

खेळणारे तीन. पहिले आबा, तापीकाठच्या गावाचे गुजर शेतकरी. केळी आणि कापूस. पन्नाशी उलटलेली, पांढरी टोपी, बोलणं कमी. त्यांचा किल्ला बघण्यासारखा असायचा. धान्याची कोठारं भरलेली, प्रत्येक शेताला पाणी, आणि सैन्य मात्र जेमतेम. दुसरे शेजारच्या पाइपच्या दुकानाचे शेटजी. मूळ घराणं राजस्थानातलं. ठिबकचे पाइप विकता विकता जगातली सगळी फौज विकत घ्यायची त्यांना हौस. तिसरे म्हसावदचे. त्यांना आम्ही म्हसावदकरच म्हणायचो. तेही गुजर, तेही केळीवाले, पण अंगाने दुप्पट आणि आवाजाने तिप्पट.

आता गंमत ऐका. आबांची पोरगी आदल्याच वर्षी म्हसावदकरांच्या मुलाला दिलेली होती. म्हणजे माझ्या मागच्या खोलीत दोन व्याही एकमेकांसमोर बसून एकमेकांचे किल्ले पाडायचे. असा प्रयोग शहाद्यात दुसरीकडे कुठे होत असेल तर मला कळवा.

अर्थात पाडायचे म्हणजे म्हसावदकर पाडायचे. आबा आपल्या व्याह्याच्या भिंतीला कधी दगड लावायचे नाहीत. मुलीचा बाप. शेटजींवर चाल करून जायचे, शेटजींची शेतं जाळायचे, पण म्हसावदच्या हद्दीपाशी आले की फौज थांबायची, जणू आत जाताना चप्पल काढावी लागणार आहे. आणि नियम पक्के. मुलीच्या घरी ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. म्हसावदला गेले तर मोटारसायकलच्या डिकीत स्वतःची बाटली. ऊन कितीही असो, व्याह्याच्या ओसरीवर बसून स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायचे. लेकीच्या घरून काही घ्यायचं नाही, लेकीच्या घरी काही मागायचं नाही. आता कोण एवढं पाळतं? आबा पाळायचे.

चैत्र लागला तेव्हा गेमचा नवा पॅक आला. मी तो रात्रभर उतरवून घेतला आणि दुसऱ्या दुपारी तिघांना समोर बसवून पडदा वर करावा तशा थाटात सांगितलं, "मंडळी, आजपासून राजांना घरदार मिळालं."

खरंच मिळालं होतं. आधी राजा म्हणजे नुसता झेंडा. नव्या पॅकमध्ये राजाला राणी, मुलगे, मुली, प्रत्येकाला चेहरा. मुलीचं लग्न दुसऱ्या राजघराण्यात लावून द्यायचं की दोन राज्यांची सोयरीक. मग आपल्यावर शत्रू आला की पडद्याच्या कोपऱ्यात एक शिंग लुकलुकतं. ते दाबलं की सोयऱ्याची फौज धावून येते. शिवाय प्रत्येक घराण्याच्या नावापुढे मानाची एक सोनेरी पट्टी आली होती. पराक्रम केला की वाढते, लाज आणली की घटते. आणि मला सगळ्यांत आवडलं ते तहाचं. हरणाऱ्या राजाने तह मागितला की तो घोड्यावरून उतरतो, मुकुट काढतो, गुडघा टेकतो. पूर्ण दृश्य. मधेच बंद करता येत नाही. हे ज्याने बनवलं त्याला नाटक कळत होतं.

लग्न कुणाचं लागलं ते सांगायलाच नको. गेमने आपणहून आबांची राजकन्या म्हसावदकरांच्या राजपुत्राला सुचवली. शेटजी खुर्चीवरून पडायचे राहिले. राजकन्या पिवळ्या केसांची, निळ्या डोळ्यांची. आबांनी चष्मा वर करून बघितलं.

"हाई मन्ही पोर?"

"तुमनीच," म्हसावदकर म्हणाले. "घर एकच शे, याही. आठे बी आनि तठे बी."

आबा हसले. पण मला माहीत होतं की त्यांचं लक्ष दुसरीकडे आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आपल्याकडे खान्देशात दिवाळी एकवेळ चुकली तरी चालेल, पण लेक आखाजीला माहेरी आलीच पाहिजे. झोका बांधायचा, गौराईची गाणी, आंब्याचा रस. आणि लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणजे तर विचारू नका. आबांनी मुलाला म्हसावदला पाठवलं होतं, बहिणीला न्यायचं म्हणून. तो रिकामा परत आला. म्हसावदकरांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "दखसूत."

बस्स. दखसूत, म्हणजे बघू. आता आबा दुसऱ्यांदा विचारणार नाहीत आणि म्हसावदकर आपणहून बोलणार नाहीत. दोघं रोज दुपारी माझ्याकडे यायचे, शेजारी शेजारी बसायचे, केळीच्या भावाबद्दल बोलायचे, किल्ले बांधायचे, आणि पोरीचं नाव निघायचं नाही. आबा घरून रोज काहीतरी आणायचे. कधी शेवया, कधी कैरीचं लोणचं. व्याह्यापुढे ठेवायचे. म्हसावदकर खायचे, बोटं पुसायचे आणि माऊस हातात घ्यायचे. मी दर वेळी श्वास रोखून बघायचो, आज बोलतात का. असलं बघायला लोक तिकीट काढतात.

मग एके दिवशी शेटजींनी आबांवर फौज सोडली. मी सुचवलं होतं असं शेटजी नंतर म्हणाले. असेल. आबांचा किल्ला भरल्या घरासारखा आणि राखायला चार माणसं. शेटजींनी पूर्वेचा दरवाजा फोडला. कोठारं पेटली. आणि आबांच्या पडद्यावर ते शिंग लुकलुकू लागलं. तांबडं, पिवळं, तांबडं, पिवळं.

मी आवाज लावला. "आबा! संकट दाराशी! सोयऱ्याला हाक मारा! एक बटण, आणि म्हसावदचे घोडेस्वार टेकडीवरून खाली!"

आबांचा हात माऊसवर होता. हलला नाही.

म्हसावदकर खुर्चीत मागे रेलले. त्यांची फौज टेकडीवर उभीच होती, झेंडे वगैरे लावून. "मांगा ना याही," ते म्हणाले. "एक बटन तं शे."

"चालस आमनं," आबा म्हणाले.

"काय चालस? जळी ऱ्हायनं बठ्ठं."

"जळू द्या."

"आबा, हा गेम आहे हो," शेटजीसुद्धा बोलले. लुटता लुटता.

"गेम शे ना? मंग जळू द्या."

आणि जळू दिलं. एकेक कोठार. लेकीच्या सासरची मदत मागायची नाही म्हणून एका माणसाने एका परदेशी राजाचं आख्खं राज्य उभ्या उभ्या जळू दिलं, आणि बघताना टोपी सरळ केली. मी त्या दिवशी इतका खूश होतो की शेटजींच्या खात्यावर सगळ्यांना सोडा पाजला.

पण खरी गंमत त्यानंतर झाली. धूर निवळला आणि मानाच्या पट्ट्या हलल्या. आबांची घटली. आणि त्यांच्याबरोबर म्हसावदकरांचीही घटली. सगळ्यात वर होते ते, सोनेरी पट्टी भिंतीपर्यंत गेलेली, ती सरकत सरकत शेटजींच्या खाली आली. म्हसावदकर पुढे वाकले.

"हाई काय शे? मी काय करं?"

मी सूचना उघडल्या आणि मोठ्याने मराठीत वाचल्या. संकटात ज्या सोयऱ्याला हाक मारली जात नाही, तो सोयरा नावापुरता मानला जातो. त्याच्या घराण्याचाही मान कमी होतो.

मी हे शब्द जरा ठासून म्हटले, नाही असं नाही.

म्हसावदकरांचं तोंड काळं पडलं. बाहेर झेरॉक्ससाठी थांबलेली दोन माणसं दारातून डोकावत होती, त्यांनीही ऐकलं. "म्हंजे आम्ही नावना सोयरा," ते आबांना म्हणाले. "चार लोकंसमोर इज्जत काढी तुम्ही मन्ही."

"मी तं काहीच मांगं नही, याही."

"तेच ना!"

उठले, गमछा खांद्यावर टाकला, आणि दारातून वळून, त्या दिवसांत पहिल्यांदाच पोरीचा विषय काढला. "आनि ते आखाजीनं इचारेल व्हतं तुमना पोऱ्यानी. या साल जमाव नही. केळीनं काम शे. सूनले सवड नही."

गेले. आबा जळलेल्या किल्ल्याकडे बघत बसले. व्याह्याला त्रास नको म्हणून गप्प राहिले, आणि गप्प राहिल्याचाच अपमान झाला. हे असं गुंतवायला मला शंभर वर्षांतही जमलं नसतं. गेमने ते एका दुपारी केलं.

आबा दोन दिवस आले नाहीत. आले तेव्हा हातात डबा नव्हता. शेवया नाहीत, लोणचं नाही. बसले आणि मला म्हणाले, "भाऊ, त्या नव्या पॅकमा मोठी गोफन ऊनी म्हने."

आली होती. लाकडाचं प्रचंड यंत्र, एका टोकाला दगडाची पेटी, दुसऱ्या टोकाला दोर. एकच दगड फेकायचं, पण जिथे पडेल तिथे भिंत राहायची नाही. बनवायला लाकूड लागतं, धान्य लागतं, धीर लागतो. आबांकडे धीर होता. त्यांनी जळक्या राज्यात पुन्हा शेतं उभी केली, जंगलं तोडली, आणि एकामागून एक गोफणी बांधल्या. शेटजींना वाटलं आपल्यासाठी. त्यांनी घाबरून दरवाजे बंद केले.

गोफणी शेटजींच्या हद्दीवरून पुढे गेल्या. म्हसावदच्या हद्दीवर आल्या. तिथे जराही थांबल्या नाहीत.

त्या दुपारी पीकविम्याचा सर्व्हर बंद होता. पुढच्या खोलीत माणसं तुंबली होती. मी मधला पडदा बाजूला केला. कुणाला उकाड्यात उभं कशाला ठेवायचं? सगळे आत आले, कूलरपुढे दाटीवाटीने उभे राहिले. भरलं थिएटर.

पहिला दगड म्हसावदकरांच्या बाहेरच्या तटावर पडला. माणसं हसली. दुसरा पडला, गिरणी गेली. तिसऱ्याला बाजार गेला. म्हसावदकर घोडेस्वार काढायला बघत होते, पण आबांनी वाटा खणून ठेवल्या होत्या, शेताचे पाट काढावे तशा. एक दगड, एक भिंत.

"याही, बस करा," म्हसावदकर म्हणाले.

आबांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "मांगा ना. एक बटन तं शे."

खोलीत असा हशा उठला की कूलरचा आवाज बुडाला. मी टाळी वाजवली. असं वाक्य परत करायला नटाला वर्षं लागतात.

म्हसावदकरांच्या कपाळावर घाम होता. आता फक्त मधला बुरूज उरला होता. त्यांनी तिथे माऊस नेला, थोडा वेळ शोधाशोध केली, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी खलनायक म्हणून एवढी वर्षं शोधत होतो. नव्या पॅकमध्ये घरातली माणसं बुरुजात ठेवता येत होती. त्यांनी यादीतून पिवळ्या केसांची सून उचलली आणि बुरुजात ठेवली. एकटीलाच.

"भाऊ," ते मला म्हणाले, "हाऊ नियम वाची दाखाडा. जोरमा."

मी वाचला. खालच्या पट्टीत सुरुवात केली आणि चढत गेलो. राजघराण्यातलं माणूस बुरुजात असेल तर शिपाई पळत नाहीत. आणि बुरूज पडला, तर आत असलेलं कुणीही वाचत नाही. वेढा नुसता उठवता येत नाही, बुरूज पाडायचा नाहीतर वेढा घालणाऱ्यानेच तह मागायचा.

हशा थांबला. आबांची गोफण भरून तयार होती. दोर ताणलेला. पडद्यावर बुरुजाच्या खिडकीत तो छोटा चेहरा दिसत होता, निळ्या डोळ्यांचा. आबांच्या पोरीशी त्याचं काही साम्य नव्हतं. एवढंसंसुद्धा नव्हतं.

"मारा ना याही," म्हसावदकर हळू म्हणाले. "मारा. गेम तं शे."

मागून कुणीतरी म्हणालं, "मारा हो आबा, चित्र आहे ते." दुसरा म्हणाला, "गप बस ना."

आबांनी माऊस सोडला. हात धोतराला पुसला. परत माऊस धरला. बाण पडद्यावरून हलला, गोफणीवरून गेला, खाली कोपऱ्यात गेला आणि तहाच्या बटणावर थांबला. मी स्पीकरचा आवाज वाढवला. मला हे दृश्य नीट ऐकू यायला हवं होतं.

आबांनी दाबलं.

त्यांचा राजा घोड्यावरून उतरला. मुकुट काढला. गुडघा टेकला. कर्णे वाजले. मधेच बंद करता येत नाही हे मी सांगितलंच आहे. बाकी सगळे पडद्यावरच्या राजाकडे बघत होते. मी आबांकडे बघत होतो, कारण प्रेक्षक नेहमी चुकीच्या नटाकडे बघतात. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांना ते माहीतही नसावं.

मग म्हसावदकरांपुढे तहाच्या अटींची पाटी आली. काय हवं? जमीन, धान्य, जंगल. ते चवीने वरखाली करत होते. घाई कसली? तेवढ्यात आबा बोलले. पडद्याशी नाही, त्यांच्याशी. आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"याही. पोरले आखाजीले धाडा."

सगळ्या खोलीने ऐकलं. पीकविमावाल्यांनी ऐकलं, शेटजींनी ऐकलं, दारातल्या उसाच्या रसवाल्याने ऐकलं.

म्हसावदकर वळले. मनापासून आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा केला. आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "इतलंच व्हतं तं पहिलेच सांगतात ना, याही. आम्ही कोठे नही म्हन्त?" आणि दुसऱ्या हाताने अटींमधली जमीन निवडली. सगळी.

पोरगी आखाजीला आली. म्हणजे पाठवली. आबांनी मला रसपोळीला बोलावलं होतं, आणि असल्या प्रयोगाचा शेवटचा अंक मी चुकवेन का? अंगणात कडुनिंबाला झोका टांगला होता, नवा दोर, फळीवर गोधडी घातलेली. गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. लेक ओट्यावर बसली होती. माहेरी आल्याची साडी, बांगड्या, सगळं होतं. चेहरा मात्र उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा.

आबा तिच्यापुढे रसाची वाटी घेऊन आले. तिने घेतली नाही.

"आबा, तुम्ही मांगं?"

आबांनी वाटी दुसऱ्या हातात घेतली.

"आठ दिनपाईन मामंजी करी दाखाडतस," ती म्हणाली. "ओसरीवर. टोपी काढतस, गुडघा टेकतस. तुन्हा बाप कसा बठना, म्हने. बाया हाशी हाशी लोयतस. मी तठे तोंड उघाडं नही, आबा. सासूले बी नही सांगं की माले जानं शे. म्हटलं, मन्हा बाप मांगस नही, मी बी मांगाव नही. आन् तुम्ही मांगं? गेममा?"

आबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता गोफणीचं सांगतील, बुरुजाचं, खिडकीतल्या त्या चेहऱ्याचं. किती सुंदर संवाद झाला असता! पण काय सांगणार? की दुसरी एक पोर होती, पिवळ्या केसांची, तिला मारवलं नाही म्हणून? त्यांनी वाटी ओट्याच्या कडेला ठेवली. त्यात माशी बसली.

पोरीने झोक्यावर पाय ठेवला नाही. मैत्रिणी ओढायला आल्या, तिने हात सोडवून घेतला. संध्याकाळी स्वतःच म्हणाली, मला पोचवा. एक मुक्कामसुद्धा नाही. आबांनी मोटारसायकल काढली.

पुढचं मी बघितलं नाही. ते मला म्हसावदकरांनी करून दाखवलं, दुसऱ्या दुपारी, माझ्याच मागच्या खोलीत, मधली खुर्ची बाजूला सारून. आबा ओसरीवर कसे आले. नेहमीच्या जागी कसे बसले. डिकीकडे हात कसा गेला आणि कसा रिकामा परत आला, कारण बाटली आणलीच नव्हती. म्हसावदकरांनी सुनेला हाक मारली, याहींना पाणी आण. ती तांब्या घेऊन आली. बापापुढे धरला. डोळे खाली.

"आणि मग?" शेटजी म्हणाले.

म्हसावदकरांनी हवेतला तांब्या दोन्ही हातांनी घेतला. डोकं मागे टाकलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, वर गेली. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग तांब्या परत दिला आणि हाताच्या पाठीने मिशी पुसली, अगदी आबा पुसतात तशी.

इतका हुबेहूब अभिनय मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. आबांचा कॉम्प्युटर तहाच्या दुपारपासून चालूच राहिला होता. पडद्यावर त्यांचा राजा अजून गुडघ्यावर होता, कारण त्याला उठवायचं बटण त्यांनाच दाबायचं होतं.